रेखाताईंचे सत्तावीस टक्के

गुरुवार, रात्री उशिरा

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आज जेवढे भागाकार केले तेवढे शाळेत असतानाही केले नसतील. आणि कशासाठी, तर दुपारी डबा खाताना रेखाताई एक आकडा बोलून गेल्या म्हणून. "माझे सगळे मिळून बेचाळीसशे पडतात बाजूला."

विषय त्यांनी काढला नव्हता. तन्वीनं काढला. तिचं नेहमीचं, कुठल्याशा रीलमध्ये बघितलेलं पन्नास-तीस-वीस. पगारातला अर्धा गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बाजूला. देशपांडे सर म्हणाले, आमच्या वेळी हौसेला टक्के नव्हते, दिवाळी होती. मग तन्वीनं स्वतःचं सांगून टाकलं, बत्तीसमधले अठरा हजार ती एसआयपीत, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात, टाकते. त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. आईबाबांकडे राहते, डबा आई भरते, पेट्रोलचं कार्ड बाबांचं. तिनं अठरा टाकले नसते तरच विचारावं लागलं असतं. मग पँट्रीच्या दारात कप पुसत उभ्या असलेल्या रेखाताईंनी आपले बेचाळीसशे सांगितले. पगार चौदा हजार. सगळे एकदम गप्प झाले आणि तन्वी माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅम, तुमचे?"

"असतात थोडेफार," मी म्हटलं आणि लोणच्याची बरणी उघडायला घेतली. ती उघडीच होती.

तेव्हापासून काहीतरी खुपतंय. काय, ते नीट कळत नाही म्हणून लिहायला बसले.

आकडा खुपला असेल का? बेचाळीसशे काही फार नाहीत. आपल्या पुण्यात एका शनिवारी तेवढे सहज जातात, मॉलमध्ये पार्किंगपासून सुरुवात केली तर. शिवाय ते बेचाळीसशे कसे होतात तेही रेखाताईंनी बोटांवर मोजून दाखवलं. भिशीचे २,०००. बचत गटाचे २००. पोस्टातल्या आरडीचे ५००. आणि लाडक्या बहिणीचे १,५००, ज्यांना त्या हातच लावत नाहीत. "ते आज येतात, उद्या बंद पडले तर? सवय नको त्या पैशाची." जुलै २०२४ पासूनचे हप्ते तसेच पडून आहेत खात्यात. मला वाटलं होतं की असे पैसे आले की आधी खर्च होतात. मला बरंच काही वाटत असतं.

तर पगार आणि ते दीड हजार धरून साडेपंधरा हजार. त्यातले बेचाळीसशे. सत्तावीस टक्के.

आता माझं. एकूण ६२,०००. पीएफचे ३,७२० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० कापून हातात ५८,०८०. त्यातून घराचा हप्ता ३४,७१३. प्रशांतचं मिटेपर्यंत तो माझ्याच खात्यातून जाणार, त्याबद्दल इथे लिहायचं नाही. उरलेल्या तेवीस हजारांत किराणा, वीज, गॅस, ओवीची फी आणि व्हॅन, आईची औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स. आणि महिन्याला २,००० ची एक एसआयपी, जी मी दोनदा बंद करायला घेतली आणि प्रत्येक वेळी ते ॲप "खरंच बंद करायची का?" असं इतक्या दुखावलेल्या सुरात विचारतं की मी मागे फिरते. पीपीएफही आहे माझं, हो. वर्षाला ५०० रुपये भरते, कारण तेवढे भरले नाहीत तर खातं बंद पडतं आणि मग वर्षामागे पन्नास रुपये दंड. दीड लाखापर्यंत भरायची मुभा असलेल्या खात्यात मी पाचशे भरते. त्याला बचत म्हणायचं म्हणजे फारच झालं.

दोन हजार भागिले अठ्ठावन्न हजार. साडेतीनही नाहीत.

हे टक्के बघून रडूच यायला लागलं होतं, खरंच. ओवी झोपली होती म्हणून बरं. इतकं शिकून, इतकी वर्षं नोकरी करून, सकाळी सहाला उठून, ट्रॅफिकमध्ये रोजचा जीव देऊन साडेतीन टक्के? मी काय उधळते? शेवटची साडी कधी घेतली ते आठवत नाही. पार्लरला... असो.

मग मी पुन्हा मांडलं. पीएफ का नाही धरायचा? तोही माझाच पैसा. ३,७२० धरले की ५,७२०. बासष्ट हजारांवर नऊ टक्के झाले. जरा बरं वाटलं. मग घराच्या हप्त्यातलं मुद्दल. ते खर्च नाही, ते घर आपलं होत चाललंय. बँकेचं स्टेटमेंट उघडलं. चाळीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. पहिल्या हप्त्यात व्याज २८,३३३ आणि मुद्दल ६,३८०. म्हणजे चौतीस हजार भरून घर सहा हजारांनी माझं होतं आणि अठ्ठावीस हजारांनी बँकेचं राहतं. हळूहळू मुद्दल वाढत जातं म्हणतात. जाईल. तर तेही धरले. १२,१००. साडेएकोणीस टक्के! तन्वीच्या वीसच्या अगदी दारात.

इथे थांबायला हवं होतं. पण सत्तावीस समोर होते. म्हणून कंपनीचा पीएफही धरला, तेवढेच ३,७२०. त्यातले १,२५० पेन्शनमध्ये जातात, तेही सोडले नाहीत. ते उत्पन्नातही धरायला लागले, प्रामाणिकपणा म्हणून. चोवीस टक्के. तरी तीन कमी.

मग मी काय केलं, तर रेखाताईंचे टक्के कमी करायला घेतले.

हे लिहिताना हसू येतंय, पण साडेबाराला मी ते अगदी गंभीरपणे करत होते. भिशी ही कुठली बचत? बारा बायका, दोन-दोन हजार, ज्याचा नंबर त्याला चोवीस हजार. रेखाताईंचा नंबर जूनचा, आणि जूनमध्ये ते सगळे पैसे मुलीच्या क्लासच्या फीला जातात. म्हणजे ती आगाऊ भरलेली फीच, हप्त्याहप्त्यानं. काढून टाकली. उरले बावीसशे. चौदा टक्के! शिवाय गटातून त्यांनी मागच्या पावसाळ्यात पत्र्यासाठी कर्ज घेतलं होतं, शेकडा दोननं, ते अजून फिटतंय. म्हणजे एका हातानं टाकायचं आणि दुसऱ्या हातानं घ्यायचं. मी जिंकले. झोपायला जायला हरकत नव्हती.

झोप लागली नाही, कारण एका हातानं टाकायचं आणि दुसऱ्या हातानं घ्यायचं हे कुणाचं वर्णन आहे ते उशीवर डोकं टेकल्या टेकल्या कळलं. रेखाताईंचं कर्ज पत्र्याचं, माझं स्लॅबचं. त्यांची भिशी जूनला फी भरते. माझ्या ६,३८० मधून ओवीची फी भरायची म्हटली तर कुठली भिंत विकू? देशातही हेच चाललंय बहुतेक. २०२२-२३ मध्ये घराघरांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे कर्जं वजा जाता उरते ती, जीडीपीच्या जेमतेम पाच टक्क्यांवर आली होती, कित्येक दशकांतली सर्वांत कमी. लोकांनी पैसे टाकणं थांबवलं म्हणून नव्हे, कर्जं वाढली म्हणून. तेव्हा पेपरात वाचून मी पान उलटलं होतं. आमचा बिल्डर त्याच वर्षी भेटला.

देशपांडे सरांचं ऐकून आणखी वैताग आला होता दुपारी, ते लिहायचं राहिलं. १९८८ मध्ये किसान विकास पत्र निघालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. सर नोकरीला नवे, दर महिन्याला काहीतरी पोस्टात टाकायचे, त्यातूनच वन रूम किचन झालं. आता तेच पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षं. सरांना वाटतं आमच्या पिढीला शिस्त नाही. मी काही बोलले नाही. शिस्त होती की व्याज होतं, हे त्यांच्याशी भांडून काय उपयोग, मार्चमध्ये रिटायर होतायत.

शिस्तीवरून आठवलं, मला तरी ती सरकारनंच लावली होती. जानेवारी आला की अकाउंट्सवाले पावत्या मागायचे, आणि मी धावत जाऊन पीपीएफ भरायचे, विम्याचा हप्ता भरायचे, कर वाचावा म्हणून. बचत वगैरे मनात नसायचं. आता नवीन करपद्धतीत त्या वजावटी नाहीत आणि बारा लाखांपर्यंत करच नाही, तेव्हा कुणी पावत्या मागत नाही. माझं पाचशेवर आलेलं पीपीएफ त्याचंच फळ. मागे लागणारं कुणी असलं की माझ्याकडून होतं. रेखाताईंच्या मागे अकरा बायका आहेत.

आणि खुपणं अजून तिथेच आहे. टक्के नव्हेत ते, एवढं आता कळलंय, कारण टक्के तर मी हवे तसे करून घेतले. त्या पटकन बोलल्या, ते आहे. हातातला कप खाली न ठेवता, न लाजता, न मिरवता. तन्वीही तशीच बोलली. माझा आकडा मात्र मला रात्री दारं लावून काढावा लागला आणि तो चार वेळा चार निघाला. प्रशांतलाही तो माहीत नाही. त्याचा मला माहीत नाही, हे तर... जाऊ दे.

खरी गंमत संध्याकाळी झाली. निघताना लिफ्टपाशी रेखाताईंनी गाठलं. भिशीतली एक बाई गावी चाललीये, जागा रिकामी होतेय, मॅडम येता का? मी हो-नाही म्हणेपर्यंत पुढचं आलं, जरा आवाज खाली आणून: "पण हप्ता चुकवायचा नाही हं मॅडम. सात तारीख म्हणजे सात तारीख. मी तुमच्या नावाची हमी घेणार आहे." त्यांच्या चौपट पगाराची बाई, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बँकेच्या मॅनेजरसारखा विचार चाललेला, ही भरेल ना? बँकेनं चाळीस लाख देताना इतकं निरखून बघितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट मी पटकन म्हटलं, "पगार पाच तारखेला होतो हो माझा." जणू इंटरव्ह्यूच.

सोमवारी सांगते म्हटलंय. दोन हजार कुठून काढायचे ते उघड आहे, त्या ॲपला या वेळी दुखवावं लागेल. प्रश्न नंबराचा आहे. चिठ्ठ्या टाकतात, पण घरात अडचण असेल तर बायका आपसात नंबर बदलून देतात, जूनचा रेखाताईंना असाच मिळाला. मला एप्रिलचा हवाय. अडचण काय म्हणून विचारलं तर प्रशांतचं सांगावं लागेल, अकरा बायकांसमोर, आणि त्याआधी प्रशांतला सांगावं लागेल की मी सांगणार आहे. त्यापेक्षा मग चिठ्ठीत निघेल तो घेते.