नदीपार नावांचा नकाशा : पाच लाल टाचण्या काढल्या

डॉर्ड्रेख्त, झ्वाइनड्रेख्त, स्लीड्रेख्त, पापेनड्रेख्त, बारेनड्रेख्त. नेदरलँड्सच्या नकाशावर या पाचही गावांना मी लाल टाचणी लावली होती, म्हणजे लॅटिन ‘त्रायेक्तुम’वरून (नदी पार करायची जागा) आलेली नावं. काल सगळ्या काढल्या. कानाला ‘ड्रेख्त’ आणि उट्रेख्त शहराच्या नावातलं ‘ट्रेख्त’ एकच वाटतात, आणि जुने लेखकही ती एकत्र बांधत. आता मात्र अभ्यासकांचा कल ‘ड्रेख्त’चं मूळ ‘ओढणे’ या अर्थाच्या जर्मानिक धातूत शोधण्याकडे आहे. शिवाय नकाशाकडे नीट बघितलं तर पाचही गावं एकाच दलदलीच्या पट्ट्यात, एकमेकांना चिकटून. तिथे रोमनांनी एवढ्या ठिकाणी नदी ओलांडली असेल, हे मला पटत नाही.

उट्रेख्तची टाचणी पक्की. त्रायेक्तुम म्हणजे कोकणात ज्याला ‘तर’ म्हणतात तीच जागा. इसवी सन 50 च्या सुमारास रोमनांनी ऱ्हाइनकाठी इथे किल्ला बांधला. आजच्या डोमप्लाइन चौकाखाली त्याचे अवशेष आहेत. पुढे जोडलेला ‘उट’ म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाचा. मास नदीवरच्या दुसऱ्या त्रायेक्तुमपासून, म्हणजे मास्ट्रिख्तपासून, हे वेगळं ओळखू यावं म्हणून. एका नावाने दुसऱ्याचं भान ठेवलंय, हे मला फार आवडतं. 1122 मध्ये वरच्या बाजूला ऱ्हाइनला बांध घातला गेला आणि मुख्य पाणी लेक नदीकडे वळलं. ज्या पाण्याने गावाला नाव दिलं ते आता शांत, अरुंद आहे.

मास्ट्रिख्तचा रोमन पूल 1275 मध्ये मिरवणूक जात असताना कोसळला. नवा दगडी पूल थोडा उत्तरेला बांधला, तो आजही उभा आहे.

आमर्सफोर्ट आणि कूफोर्डन निळ्या रंगात. ‘फोर्ट’, ‘फोर्ड’ म्हणजे उतार, पायी ओलांडता येईल एवढंच पाणी. पहिला आमर नदीवरचा, दुसरा गाईंचा. दोन्ही नावं जर्मानिक, रोमनांचा संबंध नाही.

अडलोय ते मासकाठच्या कौक गावापाशी. इथे हौशी पाणबुड्यांना मासच्या तळाशी चौथ्या शतकातल्या रोमन पुलाचे ओकचे खांब सापडले. पूल खरा, पण जुन्या ‘केउक्लुम’ या नावात त्याचा मागमूस नाही. नाव पुलाच्या आधीचं. लाल टाचणी लावणं चूक, मोकळं सोडणंही बरं वाटेना. शेवटी पेन्सिलने लाल कडं काढलं, आत टाचणी नाही. आता नदीकाठच्या बाकीच्या रोमन ठाण्यांकडेही याच नजरेने बघतोय. पुढची पाळी नाइमेखेनची.