भाऊजींना आणताना अडलो ते एका रकान्यापाशी

भाऊजी कामासाठी परदेशात गेले होते. तिथल्या हॉटेलात रात्री झोपेतच गेले. ताई फोनवर दोन वाक्यं बोलू शकत नव्हती, म्हणून निघालो मी. तिथे पोचलो तेव्हा पोलिसांचे जबाब आणि शवविच्छेदन उरकलं होतं, विमान कंपनीने कार्गोत जागाही दिली होती. मग गाडी अडली ती नोंदणी कार्यालयातल्या एका खिडकीपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

अचानक मृत्यू झाला की वैद्यकीय तपास होतो. शवविच्छेदनात कारण स्पष्ट दिसलं नाही, तर रक्ताचे आणि अवयवांचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि अंतिम अहवालाला कित्येक आठवडे लागू शकतात. नमुने घेऊन झाले की मृतदेह अडकवून ठेवायची गरज सहसा उरत नाही, आणि तपास करणाऱ्या डॉक्टरांनी तसं मला स्वतः सांगितलं होतं. पण त्यांच्या कागदावर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘तपास सुरू’ असं लिहिलेलं. खिडकीतल्या बाईंनी तेवढंच वाचलं आणि कागद परत सरकवला. कारण नाही, तर मृत्यू दाखला नाही. अहवाल आल्यावर या.

दाखला नाही म्हणून दूतावास ना हरकत पत्र देईना. ते पत्र नाही म्हणून विमान कंपनी एअर वेबिल, म्हणजे विमानाने माल पाठवण्याचा कागद, करेना. ताई रोज एकच विचारायची, “कधी आणतोस रे त्यांना?” मी काय सांगणार? पुन्हा त्याच खिडकीपाशी जायचो, पुन्हा तेच उत्तर. एकदा तर टोकन हातात असताना जेवणाची सुट्टी म्हणून खिडकी बंद झाली. शवागारात आपला माणूस ठेवलेला असताना असं बाकावर बसून राहणं काय असतं, हे त्या खिडकीपलीकडे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्यांच्याच एका अधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन सुचवलं, इथेच दहन करा, अस्थी न्या, सोपं पडेल. अस्थी नेणं सोपं असतं हे खरं. दहनाचा दाखला आणि एक्स-रेला आरपार दिसेल असा, म्हणजे धातूचा नसलेला कलश, एवढ्यावर बरंचसं काम होतं. पण ताईला त्यांचा चेहरा पाहायचा होता. कार्यालयाच्या सोयीसाठी मी तिचा तो हक्क सोडणार नव्हतो.

सुटका झाली ती तपास करणाऱ्या डॉक्टरांमुळे. मी त्यांच्याकडे जाऊन लेखी पत्र मागितलं आणि त्यात तीन गोष्टी घालायची विनंती केली: तपासासाठी मृतदेहाची आता गरज नाही, तो देशाबाहेर न्यायला हरकत नाही, आणि मृत्यू संसर्गजन्य आजाराने झालेला नाही. डॉक्टरांनी समोरच लिहून सही-शिक्का दिला. ते पत्र घेऊन मी थेट नोंदणी कार्यालयातल्या वरिष्ठांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी कपाटातून एक छापील फॉर्म काढला. अंतरिम मृत्यू दाखल्याचा, म्हणजे अंतिम कारण कळेपर्यंत चालणाऱ्या तात्पुरत्या दाखल्याचा. म्हणजे सोय त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती! तुमच्यावर अशी वेळ आली तर ‘अंतरिम दाखला’ हे दोन शब्द पहिल्याच भेटीत उच्चारा, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा.

पुढचं भराभर झालं. दूतावासाने पासपोर्ट रद्द करून परत दिला, ना हरकत पत्र दिलं. एम्बामिंगचा, म्हणजे मृतदेह टिकावा म्हणून केलेल्या रासायनिक प्रक्रियेचा, दाखला आणि पेटीत मृतदेहाशिवाय काही नाही हे प्रमाणपत्र अंत्यविधी कंपनीने आणलं. पेटीच्या खर्चावरून घरात कुरकुर झाली होती, म्हणून सांगतो: आत जस्ताचं, डाख देऊन बंद केलेलं अस्तर असतं, त्याला पैसे पडतात. युरोपातल्या देशांच्या 1973 च्या स्ट्रासबर्ग करारात तर लाकडाची जाडीही दिली आहे, जस्ताची पेटी वेगळी असेल तर बाहेरचं लाकूड किमान 20 मिलिमीटर आणि लाकडालाच जस्ताचा पत्रा लावला असेल तर किमान 30. एअर वेबिलचा अकरा आकडी नंबर घरी कळवून ठेवा, उतरवून घेणाऱ्याला तोच लागतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: प्रवास विमा असेल तर कुठल्याही कंपनीला होकार देण्यापूर्वी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च पुष्कळ पॉलिसींत असतो, पण परवानगीशिवाय केलेला खर्च त्या नाकारू शकतात. ताईच्या सहीचं अधिकारपत्र मी निघतानाच घेतलं होतं, ते प्रत्येक टेबलावर लागलं. पत्नी हयात असताना मेहुण्याच्या शब्दाला तिथे वजन नसतं.

आणि परतण्याआधी मृत्यू दाखल्याच्या जास्तीच्या मूळ प्रती घ्या. बँक, विमा, कचेरी, सगळे मूळ प्रतच मागतात. अंतिम अहवाल नंतर घरी येतो, त्यासाठी पत्ता आणि ईमेल त्या डॉक्टरांच्या कार्यालयात लिहून द्या. त्या खिडकीत देऊ नका.