मेळघाटातल्या मुक्कामाचा शिधा

नागपूरहून अमरावतीमार्गे मेळघाटात जाताना भाजी, किराणा, औषधे आणि गाडीचे पंक्चर अशी सगळी कामे एकाच ठिकाणी उरकतील असे घाटाआधीचे शेवटचे गाव म्हणजे परतवाडा. त्यापुढे सेमाडोह, हरिसाल या गावांत छोटी दुकाने लागतात. परंतु आठ माणसांचा स्वयंपाक त्यांच्या भरवशावर मांडता येत नाही. १९७४ पासून हे जंगल व्याघ्र प्रकल्पात आहे आणि तिथे वस्ती विरळ आहे, त्यामुळे रात्री आठ वाजता मीठ आणलेच नाही असे लक्षात आले तर त्या रात्री आळणी जेवण्याखेरीज उपाय नसतो. काही ठिकाणी उपाहारगृहाची सोय असते. जिथे ती नाही आणि शिधा आपणच न्यायचा आहे, तिथल्या मुक्कामाविषयी हे लिहीत आहे.

खरेदीची यादी करण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून काही गोष्टी विचारून घ्याव्यात. गॅस आहे की चूल, आठ माणसांचा भात होईल एवढा गंज आणि कुकर आहे का, फ्रीज आहे का आणि असल्यास वीज किती वेळ टिकते, पिण्याचे पाणी कुठले, आणि स्वयंपाक खानसामा करणार की आपण. फ्रीज नसल्याचे कळले की अर्धी यादी आपोआप गळते आणि मिक्सर चालणार नसल्याचे कळले की वाटणाचा प्रश्न नागपुरातच सोडवावा लागतो. खानसामा असेल तर त्याचे जेवण आपल्या हिशेबात धरावे. चार दिवस आपल्यासाठी रांधणाऱ्या माणसाला उरलेसुरले वाढणे शोभत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

यानंतरही थेट सामानाची यादी करू नये. आधी जेवणे लिहून काढावीत. दुपारी पोहोचून तीन रात्री राहायचे आणि चौथ्या दिवशी सकाळी निघायचे असेल तर पाच मोठी जेवणे आणि तीन न्याहाऱ्या होतात. प्रत्येकापुढे पदार्थ लिहिला की सामान त्यातूनच निघते, आणि ‘असू द्या, लागले तर’ या सदरात शिरणारी पाकिटे बाहेर राहतात. आमच्या घरी या सदरावरूनच खरी भांडणे होतात. ज्येष्ठ मंडळींना गाडीची डिकी रिकामी दिसली की अस्वस्थ वाटते, आणि इतवारीतल्या किराणा दुकानदाराने “वहिनी, घरी कार्य आहे का?” असे विचारेपर्यंत खरेदी थांबत नाही.

मापे साधी आहेत. पोळीसोबत भात असेल तर माणशी साठ ग्रॅम तांदूळ पुरतो, नुसता वडाभात किंवा खिचडी असेल तर शंभर ग्रॅम धरावा. डाळ माणशी चाळीस ग्रॅम. एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते, तेव्हा आठ माणसांच्या प्रत्येकी तीन पोळ्यांना पाऊण किलोपेक्षा थोडी कमी. पाचांपैकी चार जेवणांत पोळ्या आणि एकात वडाभात धरला तर तीन किलो कणीक, तीन किलो तांदूळ आणि दीड-पावणेदोन किलो डाळ एवढ्यात काम भागते. जंगलात सकाळी लवकर उठून भटकल्यावर भूक वाढते, म्हणून तांदूळ आणि कणीक अर्धा-अर्धा किलो जास्त घ्यावी. बाकी कशातही वाढ करू नये. डाळ मात्र निम्मी तुरीची आणि निम्मी मुगाची न्यावी. बोअरचे पाणी जड असले तर तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा सोडत नाही, आणि मोजून आणलेला गॅस तिच्यातच संपतो. मुगाची डाळ अशा पाण्यातही फारशी अडत नाही.

भाजीचा क्रम ठरवणे हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. कॉटन मार्केटमध्ये हिवाळ्याच्या सकाळी पालक, मेथी, चवळी यांचे ढीग बघून हात आवरत नाही, परंतु पालेभाजी पहिल्या रात्रीपुरतीच घ्यावी. दुसऱ्या दिवसाला वांगी आणि फुलकोबी, तिसऱ्या दिवसाला पत्ताकोबी, कोहळे आणि आलू. टमाटर अर्धे पिकलेले आणि अर्धे कच्चट निवडावेत, म्हणजे तिसऱ्या दिवशी पिकलेले हाती येतात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन नेला तर दुसऱ्या दिवशी काळा पडतो. तो न धुता, मुळे कापून, कागदात सैल गुंडाळावा. हिरव्या मिरच्यांचे देठ रात्री बसून काढावेत, कारण सडायला सुरुवात देठापासून होते. कांदे आणि आलू एका पिशवीत भरू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर तुरीच्या शेंगा अवश्य न्याव्यात. सोललेले दाणे बाजारात मिळतात, पण ते प्रवासात चिकट होतात. शेंगा दोन-तीन दिवस सहज टिकतात आणि संध्याकाळी व्हरांड्यात बसून सोलायला सगळ्यांना काम मिळते. जिथे मोबाईलला रेंज नाही तिथे लहान मुलांसाठी याहून चांगला उद्योग मला अजून सापडलेला नाही, आणि या दाण्यांच्या सोलेभाताला इतर कशाचीच गरज लागत नाही. संत्री न्यावीत, मात्र सामानाच्या सर्वांत वर ठेवावीत, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने खाली दबलेली फळे मुक्कामी पोहोचेपर्यंत पाणी सोडू लागतात.

दुधाचे गणित चहावरून करावे. आठ माणसे, दिवसाला तीन वेळा चहा, तीन दिवस, म्हणजे बहात्तर कप. कपाला साठ मिलिलिटर धरले तरी साडेचार लिटरच्या आसपास दूध लागते. पिशवीचे दूध पहिल्या संध्याकाळपुरते परतवाड्यात घ्यावे आणि पुढच्यासाठी न उघडता टिकणारी खोक्यातली पाकिटे किंवा दूध पावडर न्यावी. शंभर ते सव्वाशे ग्रॅम पावडरीत एक लिटर दूध होते. चहापत्ती पाव किलो, साखर एक किलो. ज्यांना पावडरीचा चहा चालत नाही त्यांनी आले आणि गवती चहा स्वतः सांभाळून न्यावा.

भाजी संपली किंवा बिघडली तर हाताशी असावे म्हणून मुंगवड्या, बेसन, शेंगदाण्याचा कूट आणि लसणाची चटणी एवढे पुरेसे आहे. बेसन असले की चून, म्हणजे पिठले, होते, गोळाभात होतो, आणि सकाळी घाई असेल तर धिरडीही होतात. सावजी रस्सा करण्याची हौस असेल तर कांदा-खोबरे घरीच कोरडे भाजून, बारीक दळून डब्यात भरावे. ओले वाटण उकाड्यात बंद गाडीतून नेऊ नये. तेल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याऐवजी आट्यांच्या झाकणाच्या बाटलीत घालून उभे ठेवावे, कारण घाटातल्या वळणांवर पिशवी फुटली तर कणकेपासून चादरींपर्यंत सगळ्याला वास लागतो. मीठ, माचिस, भांडी घासायचा साबण, चाकू, चाळणी आणि सराटा (उलथने) हे सगळे एका वेगळ्या पिशवीत ठेवून ती पिशवी शेवटी भरावी, म्हणजे उतरताना पहिली हाती येते.

मुक्कामी पोहोचल्यावर शिधा खिडकीपासून दूर, घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावा. माकडे पिशवीचा आवाज ओळखतात आणि अस्वलालाही अन्नाचा वास लांबून लागतो. उघड्यावर चूल पेटवण्याचा मोह टाळावा. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो आणि वाळलेल्या सागाच्या पानांना एक ठिणगी पुरते.

स्थानिक खरेदीबद्दल माझे मत थोडे आग्रही आहे. इथल्या कोरकू आदिवासींच्या गावांत कुणी अंडी, कोंबडी किंवा दूध विकायला आणले तर सांगितलेल्या भावाने घ्यावे. छोट्या दुकानातले सगळे तेल किंवा सगळी साखर मात्र उचलू नये. तो माल गावासाठी घाट चढून आलेला असतो, आणि मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या आपण नागपुरात बसून वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत.

शेवटच्या सकाळी कांदेपोहे करावेत, कारण त्यात उरलेला कांदा, आलू, मिरची आणि सांबार एकदम संपतो. आदल्या रात्रीचा भात परतीच्या डब्यात भरू नये. न फोडलेली पाकिटे खानसाम्याला हवी असल्यास विचारून द्यावीत, आणि संत्र्यांच्या सालींसकट सगळा कचरा गोणीत बांधून परतवाड्याच्या पलीकडे आणावा.