गोठ्याच्या जमिनीला हात लावून पाहावा

उन्हाळा आला की गोठ्याच्या छपराची चर्चा सुरू होते, पंख्यांची आणि पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या फॉगरचीही होते. गाय जिच्यावर दिवसाचे निम्मे तास बसून काढते, त्या जमिनीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

छपराला मी कमी लेखत नाही. तापलेला पत्रा खालच्या जनावरावर उष्णता फेकत राहतो, त्यामुळे सावलीत उभी असलेली गायही होरपळते; छप्पर उंच घेणे, त्याला वरून पांढरा रंग देणे आणि आढ्याजवळ गरम हवेला वाट ठेवणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. पण छप्पर फक्त बाहेरची उष्णता अडवते. दुधाळ गाईच्या पोटात चारा आंबताना जी उष्णता तयार होते ती बाहेर पडलीच पाहिजे, आणि हवा 38 अंशांच्या आसपास, म्हणजे गाईच्या अंगाइतकीच तापली, की ती हवेत जाईनाशी होते. मग उरतात घाम, धाप आणि खालची जमीन.

मी कोणत्याही गोठ्यात गेलो की नुकत्याच उठलेल्या गाईच्या जागेवर उलटा तळहात ठेवून पाहतो. जाड रबरी मॅटवर ती जागा बराच वेळ गरम लागते, कारण रबर उष्णता खाली जाऊ देत नाही. ओलसर वाळूत किंवा सावलीतल्या कोब्यात ती लवकर उतरते. म्हणून कोबाच बरा, असे मात्र नाही. उकाड्यात अंगाला चहूबाजूंनी वारा लागावा म्हणून गाय आधीच जास्त वेळ उभी राहते. त्यात जमीन टणक असली की बसायला आणखी कचरते, सगळा भार खुरांवर येतो आणि उन्हाळा सरता सरता काही गाई लंगडू लागतात. माझी पसंती वाळूच्या खोल गादीला आहे, जरी शेणाबरोबर वाहून गेलेली वाळू उपसण्याची कटकट मागे लागत असली तरी.

डुकराचे गणित निराळे आहे. त्याला अंग गार होईल इतका घाम येतच नाही, त्यामुळे गार, ओली जमीन हाच त्याचा मोठा आधार असतो. हिवाळ्यात ऊब देणारी गवताची जाड गादी त्याला उन्हाळ्यात नडते. एरवी कोरड्या जागी झोपणारे डुक्कर शेणामुतात लोळू लागले, तर ती त्याची खोड नसून तक्रार समजावी. कोंबड्यांच्या शेडमधली भुश्शाची गादी तर स्वतःच आंबून तापते, म्हणून उन्हाळ्यात तिचा थर पातळ ठेवलेला बरा.

गाईंच्या गोठ्यात मात्र जमीन गार करण्यासाठी तिच्यावर पाणी मारण्याची सवय मला पटत नाही. वारा खेळत नसेल तर त्याची वाफ गोठ्यातच कोंडते, घाम वाळत नाही, शिवाय ओल्या जमिनीवर कासदाहाला, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाला, वाव मिळतो. पाणी गाईच्या पाठीवर कातडीपर्यंत पोहोचावे आणि पंख्याच्या वाऱ्याने तिथेच वाळावे. त्याचा उपयोग होतो आहे का, हे भर दुपारी गाईच्या कुशीची हालचाल मोजली की कळते. मिनिटाला 60 पेक्षा अधिक श्वास भरले, तर उकाडा तिला अजून सोसवत नाही.