नायसिन, एलपी(ए) आणि एककांचा घोळ

थोरल्या बंधूंना पन्नाशीच्या आतच हृदयविकाराचा झटका आल्यामुळे आमच्या डॉक्टरांनी माझी लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एका प्रकारच्या कणांची पातळी, थोडक्यात एलपी(ए), तपासून घेतली आणि ती 78 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर निघाली. हा आकडा 50 च्या वर गेला की जोखमीचा मानतात. रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या औषधाच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळीने पोटऱ्या इतक्या दुखत की पर्वतीच्या पायऱ्या चढणे मी सोडून दिले होते. शिवाय स्टॅटिनने एलपी(ए) उतरत नाही. म्हणून त्यांनी नायसिनची सावकाश विरघळणारी गोळी सुरू केली आणि मात्रा हळूहळू दिवसाला 1,500 मिलिग्रॅमपर्यंत नेली. हे ब-3 जीवनसत्त्वच असले, तरी शरीराची रोजची गरज सुमारे 15 मिलिग्रॅमची असल्यामुळे एवढ्या मात्रेत ते औषधच ठरते.

गोळीनंतर चेहरा आणि मान लाल होऊन खाज सुटते, हे आधीच सांगितलेले होते. जेवणानंतर गोळी घेणे आणि त्या सुमारास गरम चहा टाळणे एवढ्यावर माझे भागले. गोळीच्या अर्धा तास आधी ॲस्पिरिन घेण्याचा उपाय आहे, पण तो डॉक्टरांना विचारूनच करावा. गोळी मोडू किंवा चावू नये.

खरा मनस्ताप पुढे झाला. काही महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी केली, तर रिपोर्टवर 152 हा आकडा आणि त्यापुढे लाल बाण. आकडा दुप्पट झालेला पाहून घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. चष्मा लावून नीट वाचल्यावर दिसले की या वेळचे एकक नॅनोमोल प्रति लिटर होते. मधल्या काळात प्रयोगशाळेने तपासणीची पद्धत बदलली होती आणि ते सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. काउंटरवर विचारले, तर ‘रिपोर्टबाबतच्या शंका आपल्या डॉक्टरांना विचाराव्यात’ या पाटीकडे बोट दाखवण्यात आले. डॉक्टर म्हणाले, जुन्या एककात आकडा मागून घ्या. पुन्हा काउंटरवर गेलो, तेव्हा तिथल्या तरुणाने, ‘काका, अडीचने भागा, झालं!’ असे सांगून पुढच्या माणसाला हाक मारली.

तेवढ्याने होत नाही, हेच त्या पोराला पटवून देता येईना. एक एकक कणांचे वजन सांगते, तर दुसरे कणांची संख्या. आणि एलपी(ए)च्या कणाचा आकार आनुवंशिकतेने माणसागणिक वेगळा असल्यामुळे सर्वांना लागू पडणारा गुणक नाही. अडीचने भागले, तर माझा आकडा 61 येतो, म्हणजे नायसिनने चांगलाच गुण आला. दोनने भागले, तर 76, म्हणजे काहीच झाले नाही. नायसिनने एलपी(ए) साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होऊ शकते, म्हणजे माझा सगळा प्रश्न या दोन भागाकारांच्या मधोमध अडकलेला. जुना नमुना केव्हाच टाकून दिलेला होता, त्यामुळे नव्या पद्धतीने तो तपासण्याचीही सोय नव्हती. फेऱ्या मारून शेवटी प्रयोगशाळेच्या पॅथॉलॉजिस्टबाईंची भेट मिळाली. त्यांनी दोन मिनिटांत शांतपणे सांगितले की या दोन रिपोर्टांची तुलना करता येणार नाही. हेच वाक्य पहिल्या दिवशी काउंटरवर कोणी उच्चारले असते, तर मी त्यांना दुवा दिला असता.

दोन्ही कागद घेऊन मी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ते बाजूला ठेवून माझी उपाशीपोटीची साखर पाहिली. ती 104 वरून 118 झाली होती. नायसिनने साखर आणि युरिक ॲसिड वाढू शकते आणि यकृतावर ताण येऊ शकतो. स्टॅटिन येण्यापूर्वीच्या काळात नायसिनने पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटलेले दिसले होते. परंतु स्टॅटिनच्या जोडीने ते देऊन पाहणारी एम-हाय ही चाचणी 2011 मध्ये लाभ न दिसल्याने मुदतीआधी थांबवली गेली, आणि 25,673 रुग्णांच्या एचपीएस2-थ्राइव्ह चाचणीतही झटके कमी न होता मधुमेह, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र वाढले, असे त्यांनी समजावले. रक्तातला आकडा सुधारणे आणि हृदय वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. नायसिन बंद झाले. रोसुवास्टॅटिन 5 मिलिग्रॅम आणि एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचे दुसरे औषध 10 मिलिग्रॅम यांवर माझे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 148 वरून 76 वर आले आहे, पोटऱ्या दुखत नाहीत आणि पर्वती पुन्हा सुरू झाली आहे.

एलपी(ए) करून घेणाऱ्यांनी एकक आणि तपासणीची पद्धत आधीच विचारून रिपोर्टवर लिहून घ्यावी. ही पातळी बहुतांशी जन्मजात असते आणि बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासली तरी पुरते, त्यामुळे उगाच दरवर्षी पैसे घालू नयेत. आणखी एक राहिले: डॉक्टरांनी नायसिन लिहून दिले असेल आणि दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून नायसिनामाइड पुढे करत असेल, तर ते घेऊ नये. तेही ब-3 च आहे, त्याने अंग लाल होत नाही, पण कोलेस्टेरॉलही उतरत नाही.