अहाकिस्ताचं सूर्यघड्याळ

मुंबईहून आमचं विमान पाऊण तास उशिरा सुटलं. चेक-इन केलेला एक प्रवासी गेटवर आलाच नव्हता, म्हणून विमानाच्या पोटातून त्याची बॅग शोधून उतरवत होते. साडू वैतागले. "संशय असेल त्याला धरा ना, सगळ्यांचा खोळंबा कशाला?" हा वाद लंडनपर्यंत पुरला.

साडूंची लेक आयर्लंडमध्ये कॉर्कला असते. तिच्याकडून एक दिवस काढून आम्ही अहाकिस्ता या खाडीकाठच्या छोट्या गावी गेलो. कॉर्कहून बँट्रीपर्यंत बस जाते, पुढे गाडी असलेली बरी. डुरस गावानंतर रस्ता इतका अरुंद होतो, की समोरून ट्रॅक्टर आला तर मागे यावं लागतं. दोन तास हाताशी ठेवा, आणि उन्हाळा असला तरी वाऱ्याचं जाकीट घ्या.

खाडीच्या काठावर कनिष्क विमानाचं स्मारक आहे. मधोमध सूर्यघड्याळ, भिंतीवर नावं. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बनं फुटलं, ३२९ माणसं गेली. आडनावं वाचत गेलो. एकाच घरातली चार-चार नावं एकाखाली एक आली, तेव्हा बायको तिथेच बसली.

बॉम्ब एका सुटकेसमध्ये होता. कॅनडात व्हँकुव्हरच्या काउंटरवर तिच्या मालकाचं टोरांटोपर्यंतचंच तिकीट पक्कं होतं, तिथून पुढचं, म्हणजे एअर इंडियाचं, वेटिंगवर. बॅग थेट पुढे पाठवता येणार नाही, असं तिथल्या कर्मचारी बाईंनी सांगितलं. तो हटून बसला, मागे रांग वाढत होती, शेवटी त्यांनी टॅग लावला. तो स्वतः विमानात चढलाच नाही. टोरांटोत एक्स-रे यंत्र बंद पडलं, तेव्हा उरलेल्या बॅगांवर हातातलं उपकरण फिरवून काम भागवलं. त्याच दिवशी जपानमध्ये नारिता विमानतळावर त्याच कटातल्या दुसऱ्या बॅगेचा स्फोट होऊन सामान हलवणारे दोन कामगार मारले गेले.

म्हणून माझं मत ठाम आहे. चेहरा, नाव, दाढी बघून माणूस निवडायची पद्धत मला मान्य नाही. त्यानं निष्पाप माणूस अपमानित होतो आणि शांत, नीटनेटका दिसणारा निसटतो. मालक नसलेली बॅग उडता कामा नये, हा नियम मात्र कोणाचंही तोंड बघत नाही. तो रांगेच्या दबावाखाली वाकू नये, एवढंच. साडूंना अजूनही वाटतं की विचारपूस करणारी माणसं जास्त नेमायला हवीत. त्यात तथ्य आहे, पण बॅग उतरवायला लागणारा वेळ वाया गेला असं ते आता म्हणत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी थोडं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये ती चालत नाही. सुकं खोबरंही चेक-इनला चालत नाही, तेलामुळे ते पेट घेऊ शकतं; लेकीसाठी मसाला नेणार असाल तर ते वगळा. लोणचं मात्र चेक-इनच्याच बॅगेत भरा. लंडनला विमान बदलताना पुन्हा तपासणी होते. मुंबईच्या ड्यूटी-फ्रीची बाटली सीलबंद पिशवीतून काढू नका, पावती आतच असू द्या. दोन विमानांत तीन तास तरी ठेवा.

बायकोच्या गुडघ्यात धातूचा सांधा आहे. मेटल डिटेक्टरच्या दारातून जाण्याआधीच तिनं ते सांगितलं. पडद्याआड महिला जवानानं नीट विचारून तपासलं, खुर्ची दिली. डॉक्टरांचं पत्र जवळ असलं तरी तपासणी टळत नाही, आणि टळूही नये.

परतताना हीथ्रोला पुन्हा घोषणा झाली, एका प्रवाशाची बॅग उतरवत आहेत म्हणून. साडूंनी पट्टा सोडला, पुस्तक काढलं आणि खिडकीतून खाली उभ्या असलेल्या सामानाच्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिले.