मालकानेच फोडलेला बुरूज: क्लाइडकाठचा बॉथवेल किल्ला

ग्लासगोला येणारी आपली मंडळी एडिनबरा आणि स्टर्लिंगचे किल्ले बघून परततात. एक दिवस हाताशी असेल तर बॉथवेल चुकवू नका. ग्लासगो सेंट्रल स्थानकातून अडिंग्स्टनला रेल्वेने वीसेक मिनिटं लागतात, पुढे अर्धा तास चाल. क्लाइड नदी वळण घेते तिथेच उंच काठावर लाल दगडाची ही वास्तू उभी आहे.

आत शिरायची घाई करू नका. बाहेरच्या गवतात बुरुजांच्या जोत्यांचे गोल उमटलेले दिसतात, ते आधी बघा. तेराव्या शतकाच्या मध्यात मरी घराण्यातल्या वॉल्टरने इथे प्रचंड किल्ला आखला होता, हे त्याचं मुख्य प्रवेशद्वार. पाया घातला गेला, पण वर काही चढलंच नाही. १२९६ मध्ये इंग्लंडशी युद्ध पेटलं तेव्हा उभा होता तो मुख्यतः मोठा गोल बुरूज.

मी सर्वात जास्त वेळ काढला तो या बुरुजापाशी. व्यास सुमारे २० मीटर, भिंत जवळजवळ ५ मीटर जाड, आत विहीर आणि किल्ल्याच्या आतल्या बाजूलाही त्याचा स्वतःचा खंदक. म्हणजे बाकी किल्ला पडला तरी धन्याने इथून लढत राहावं. चिऱ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, सातशे वर्षांनंतरही गोलाई कुठे अडखळत नाही. आणि अचानक ती गोलाई तुटते. पश्चिमेचा अर्धा बुरूज नाहीच. तिथे नंतर घातलेली एक सरळ, ओबडधोबड भिंत आहे.

बॉथवेल सारखा हात बदलत राहिला. आतल्या इंग्रज शिबंदीला स्कॉटांनी १२९८-९९ मध्ये चौदा महिने वेढा घालून हटवलं. १३०१ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ६,८०० माणसं घेऊन आला. तटाला भिडवायचा लाकडी मनोरा त्याने ग्लासगोत बांधवून घेतला आणि तो तीस गाड्यांवर लादून दोन दिवसांत इथे आणला. महिन्याच्या आत किल्ला पडला. १३३६ मध्ये तिसऱ्या एडवर्डने डागडुजी करून इथे मुक्काम ठोकला. पुढच्याच वर्षी सर अँड्र्यू मरीने किल्ला जिंकला. हा वारसाहक्काने किल्ल्याचा धनी आणि बालराजा फ्रान्समध्ये असताना स्कॉटलंडचा कारभार सांभाळणारा. त्याने पूर्वजांचा अर्धा बुरूज पाडून क्लाइडमध्ये लोटला. शत्रूला पुन्हा ठाणं मिळू नये एवढ्यासाठी! १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगांनी उडवले, ते पाहून आपण हळहळतो. इथे घाव घरच्याचा आहे आणि मला तो जास्त लागला. बुरूज पाडल्यावर पुढच्याच वर्षी सर अँड्र्यू वारला.

आज दिसणारा दिवाणखाना, प्रार्थनाघर आणि बराचसा तट नंतरच्या डग्लस घराण्याचा. देखणं काम आहे, पण लक्ष पुन्हा पुन्हा त्या अर्ध्या बुरुजाकडेच जातं.

किल्ला ‘हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड’ या सरकारी वारसा संस्थेकडे आहे. निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा बघाच: हिवाळ्यात त्या बदलतात आणि दगडांची तपासणी चालू असली की काही भाग बंद ठेवतात. खाणं अडिंग्स्टनमध्येच उरकून घ्या. टनॉक्स बिस्किटांचं हे गाव, त्यांचं दुकानही तिथेच आहे. नदीकाठची पायवाट पावसानंतर निसरडी होते, पकड असलेले बूट हवेत.

पाय धड असतील तर त्याच वाटेने पुढे जा आणि पादचारी पूल ओलांडून ब्लँटायर गाठा. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन १८१३ मध्ये तिथे जन्मला. त्याचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो आपल्या नाशिकच्या मिशन शाळेत शिकलेला. हे दोन्ही एका दिवसात करायचं तर किल्ल्याचं दार उघडताच आत शिरा. एकट्या बुरुजालाच तासभर लागतो.